८३ विमानं पाडणारा जर्मन प्रिन्स स्वतः कुणाच्या गोळीनं पडला, यावर आजही एकमत नाही

२१ जानेवारी १९४४ ची रात्र.

ब्रिटिश हवाई दलाची ६४८ विमानं जर्मनीतल्या मागडेबुर्ग शहरावर बॉम्ब टाकायला निघाली. त्यातली ५७ परत आलीच नाहीत. म्हणजे साधारण दर अकरा विमानांमागं एक गेलं. वर जे बॉम्ब टाकले त्यातले बरेचसे शहराच्या बाहेरच पडले.

थोडक्यात, जर्मन हवाई दलासाठी ही रात्र जिंकल्यात जमा होती.

पण सकाळी हिशोब लागला तेव्हा जर्मनांच्या लक्षात आलं, की आपलेही दोन मोठे मोहरे गेलेत. एक होता मानफ्रेड मॉयरर, ज्याच्या नावावर शत्रूची ६५ विमानं होती. आणि दुसरा होता त्यावेळचा जर्मनीचा एक नंबरचा नाईट फायटर पायलट. नावावर ८३ विमानं, वय २७ वर्षं, आणि जन्मानं प्रिन्स.

त्याचं नाव हाइनरिश झू साइन-विटगेनस्टाइन.

आता विटगेनस्टाइन म्हटल्यावर काही जणांना तत्त्वज्ञ लुडविग विटगेनस्टाइन आठवेल. पण या दोघांचं रक्ताचं नातं नाही. आपली गोष्ट आहे ती राजघराण्यातल्या विटगेनस्टाइनची. ज्याच्यासाठी तो लढत होता त्या हिटलरवर त्याचा शेवटी शेवटी विश्वास उरला नव्हता, तरी जो रोज रात्री विमान घेऊन उडत राहिला आणि आकडा वाढवत राहिला, त्या माणसाची.

सुरुवात घराण्यापासून करू.

नेपोलियनशी लढलेला पूर्वज

विटगेनस्टाइन हे जर्मनीतलं जुनं सरदार घराणं. पण या घराण्यातला सगळ्यात गाजलेला माणूस लढला तो रशियासाठी. पीटर विटगेनस्टाइन हे त्याचं नाव. १८१२ मध्ये नेपोलियन रशियात घुसला तेव्हा फ्रेंच फौजेची एक फळी सेंट पीटर्सबर्गच्या दिशेनं निघाली होती. तिला रोखणाऱ्या रशियन सैन्याचा सेनापती हा पीटर. राजधानी वाचवली म्हणून तिथं त्याचं मोठं नाव झालं, आणि पुढं तो फील्ड मार्शलही झाला.

त्याचा मुलगा नंतर जर्मनीत आला आणि ऱ्हाईन नदीजवळच्या साइन या गावी त्यानं वाडा घेतला. 

याच घराण्यात १४ ऑगस्ट १९१६ ला हाइनरिशचा जन्म झाला. जन्म मात्र जर्मनीत नाही, तर डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये, कारण वडील तिथल्या जर्मन वकिलातीत नोकरीला होते. तीन भावांमधला हा मधला.

लहानपणी तब्येतीनं नाजूक. पण जिद्द अशी, की जे शरीराला जमत नाही ते मनानं ओढून आणायचं. पुढं त्याचे सहकारी जे सांगतात, त्याचं मूळ बहुतेक इथं असावं. कुठंही गेला तरी त्याला पहिलाच नंबर हवा असायचा.

हिटलर सत्तेवर आला तेव्हा हाइनरिश १६ वर्षांचा होता. त्या पिढीतल्या असंख्य पोरांसारखा तोही हिटलर यूथमध्ये होता. हे सांगणं गरजेचं आहे, कारण पुढची गोष्ट वाचताना तो पहिल्यापासून बंडखोर होता असं कुणाला वाटायला नको. तो तसा नव्हता.

घोड्यावरून विमानात

१९३६ मध्ये तो बांबर्गच्या १७ व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये भरती झाला. सरदार घराण्यातल्या पोरांनी घोडदळात जायचं, ही तिथली जुनी रीतच.

या रेजिमेंटचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पण घोड्यांचे दिवस संपत आलेत हे पोराच्या लवकर ध्यानात आलं. १९३७ मध्ये त्यानं हवाई दलात बदली घेतली. युद्ध सुरू झालं तेव्हा तो बॉम्बर विमानांवर होता. फ्रान्सची मोहीम, मग इंग्लंडवरची बॉम्बफेक, मग १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावरचा हल्ला, या सगळ्यात तो होता. बॉम्बरवर त्यानं जवळपास १५० मोहिमा केल्या.

ही बाजूही विसरून चालणार नाही. नंतर ज्यानं बॉम्बर विमानांची शिकार केली, तो आधी स्वतः दुसऱ्यांच्या देशांवर बॉम्ब टाकत होता.

१९४१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःहून बदली मागून घेतली. कुठं? तर रात्रीच्या शिकारी विमानांवर, म्हणजेच नाईट फायटरवर.

हे नाईट फायटर प्रकरण काय होतं?

युद्धाच्या सुरुवातीलाच ब्रिटिशांना कळून चुकलं, की दिवसाढवळ्या जर्मनीवर बॉम्बर पाठवले तर फायटर विमानं आणि तोफा त्यांना सोलून काढतात. म्हणून त्यांनी रात्री यायला सुरुवात केली. अंधारात विमान दिसत नाही, आणि दिसत नाही ते पाडता येत नाही, इतकं साधं गणित.

त्याला जर्मनांनी उत्तर दिलं रडारनं.

उत्तर समुद्राकाठी आणि हॉलंड, बेल्जियमच्या पट्ट्यात त्यांनी आकाशाचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला जमिनीवर रडार आणि आकाशात एक नाईट फायटर. ब्रिटिश विमान चौकोनात शिरलं, की जमिनीवरचा माणूस रेडिओवरून पायलटला रस्ता सांगणार: इतकं डावीकडं, इतकं वर, अमुक किलोमीटर पुढं. जवळ पोचल्यावर फायटरच्या नाकावर बसवलेलं छोटं रडार कामाला लागणार. ते बघायला पायलटच्या सोबत रडार ऑपरेटर असायचा. शेवटचे काहीशे मीटर मात्र पायलटचे डोळे आणि त्याची छाती, एवढ्यावरच.

त्यामुळं हे एकट्या पायलटचं काम नव्हतंच. विटगेनस्टाइन उडवायचा ते युंकर्स ८८ हे दोन इंजिनांचं विमान. मुळात बॉम्बर म्हणून बनलेलं, नंतर रडार आणि तोफा बसवून शिकारी केलेलं. बॉम्बरवर असतानाही त्यानं हेच विमान चालवलं होतं, त्यामुळं त्याचा हात त्यावर बसलेला होता.

मे १९४२ मध्ये त्यानं पहिलं विमान पाडलं. ऑक्टोबरपर्यंत आकडा २२ वर गेला आणि त्याला नाइट्स क्रॉस हा मानाचा किताब मिळाला.

म्हणजे अवघ्या पाच महिन्यांत.

एक नंबरची शर्यत

इथून पुढं विटगेनस्टाइनच्या आयुष्यात एकच गोष्ट महत्त्वाची झाली: आकडा.

जर्मन हवाई दलात कुणी किती विमानं पाडली याचा काटेकोर हिशोब ठेवला जायचा. त्यावर पदकं मिळायची, बढत्या मिळायच्या, रेडिओवर नाव यायचं. नाईट फायटरच्या या यादीत विटगेनस्टाइनचा मोठा प्रतिस्पर्धी होता हेल्मुट लेंट. एका पाद्र्याचा हा मुलगा युद्धाच्या पहिल्या महिन्यापासून विमानं पाडत होता. विटगेनस्टाइन उशिरा आला होता, त्यामुळं त्याला लेंटला गाठायचं होतं, आणि त्यासाठी तो काहीही करायला तयार होता.

त्याच्याबद्दल सहकाऱ्यांची एक तक्रार कायम असायची. ज्या चौकोनातून ब्रिटिश विमानं सगळ्यात जास्त जाणार, तो चौकोन त्याला हवा असायचा. तिथं आधीपासून दुसरा कुणी उडत असला, तर रेडिओवरून आपलं नाव सांगून तो त्याला बाजूला व्हायला लावायचा. पद मोठं, नाव मोठं, समोरचा काय बोलणार?

जर्मन नाईट फायटर दलाची पायाभरणी करणारा अधिकारी वोल्फगांग फाल्क यानं नंतर त्याच्याबद्दल मत दिलंय. विमानात बसलेला विटगेनस्टाइन अफाट होता, अंधारात शत्रू कुठं असेल हे त्याला जणू वासानं कळायचं. पण माणसं सांभाळणारा नेता म्हणून तो घडलेला नव्हता. तो एकटा शिकारी होता आणि महत्त्वाकांक्षेनं पेटलेला होता, असा फाल्कच्या बोलण्याचा सारांश.

१९४३ मध्ये त्याला काही काळ पूर्वेला, रशियाच्या आघाडीवर पाठवलं. जुलैमध्ये ओरेल शहराच्या बाजूला त्यानं एकाच रात्रीत सात विमानं पाडली. ऑगस्टच्या शेवटी त्याचा आकडा ५४ वर होता, आणि त्याच्या नाइट्स क्रॉसला ओक लीव्हज म्हणजे त्याच्या वरचा सन्मान जोडला गेला.

हा सन्मान हिटलर स्वतःच्या हातानं द्यायचा. आणि इथंच या गोष्टीतला सगळ्यात विचित्र प्रसंग घडला.

कमरेला पिस्तूल आणि समोर हिटलर

बर्लिनमध्ये त्यावेळी मिसी वासिलचिकोव्ह नावाची एक तरुणी राहत होती. मूळची रशियन सरदार घराण्यातली. क्रांतीनंतर घरदार सोडून पळालेलं कुटुंब फिरत फिरत शेवटी जर्मनीत येऊन पोचलं होतं. मिसी परराष्ट्र खात्यात नोकरी करायची. तिथं तिचे सहकारी असे लोक होते, जे हिटलरला संपवायचा कट शिजवत होते. या सगळ्या काळात ती रोज डायरी लिहायची. ती डायरी १९८५ मध्ये पुस्तक म्हणून बाहेर आली आणि युद्धकाळातल्या बर्लिनबद्दलचा एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरली.

विटगेनस्टाइन हा मिसीच्या जवळच्या मित्रांपैकी एक.

तिच्या नोंदीनुसार, हिटलरकडून सन्मान घेऊन आल्यावर त्यानं तिला फोन केला. हिटलरचा उल्लेख केला तो चेष्टेनं, जणू आपल्या लाडक्याला भेटून आलो अशा सुरात. आणि एक गोष्ट त्याला फार आश्चर्याची वाटली होती. हिटलरच्या समोर जाण्याआधी एरवी सगळ्यांची शस्त्रं काढून घ्यायचे, पण त्याचं पिस्तूल त्या दिवशी कुणी काढूनच घेतलं नाही. म्हणजे मनात आणलं असतं तर तिथल्या तिथं काम तमाम करता आलं असतं, असं तो सहज बोलून गेला.

फोनवर हे बोलणं म्हणजे मरणाला आमंत्रण. नाझी जर्मनीत यापेक्षा बऱ्याच कमी बोलण्यावरून लोक फासावर गेलेत.

आता ते घोडदळाचं नाव आठवा. बांबर्गची १७ वी रेजिमेंट. याच रेजिमेंटमधून पुढं आलेला अधिकारी होता क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग. २० जुलै १९४४ ला यानंच हिटलरच्या मुख्यालयात बॅगेतून बॉम्ब नेऊन ठेवला. बॉम्ब फुटला पण हिटलर वाचला, आणि श्टाउफेनबर्गला त्याच रात्री गोळ्या घातल्या गेल्या.

विटगेनस्टाइन मात्र पिस्तूल कमरेलाच ठेवून बाहेर आला आणि परत आपल्या विमानात जाऊन बसला.

मग तो लढत का राहिला?

हा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर त्यानं कुठं लिहून ठेवलेलं नाही, त्यामुळं त्याच्या मनातलं आपण सांगू शकत नाही. पण तेव्हा आजूबाजूला काय चाललं होतं ते सांगता येतं.

जुलै १९४३ मध्ये ब्रिटिशांनी हॅम्बर्गवर हल्ले केले. सोबत एक नवी युक्ती आणली होती: विमानातून चांदीच्या कागदासारख्या पातळ पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे खाली सोडायचे. या पट्ट्या हवेत तरंगत खाली यायच्या आणि जर्मन रडारच्या पडद्यावर हजारो विमानं आल्यासारखं दिसायचं. रडार आंधळे झाले, ते चौकोन कुचकामी ठरले. काही रात्रींत हॅम्बर्ग जळालं. एका रात्री तर आगीचं वादळच उठलं आणि रस्त्यावरची माणसं त्यात ओढली गेली. या हल्ल्यांत सुमारे ३५ ते ४० हजार लोक मेले, बहुतेक साधे नागरिक.

नोव्हेंबर १९४३ पासून पाळी आली बर्लिनची.

म्हणजे नाईट फायटरच्या पायलटला खाली जळणारं शहर दिसायचं आणि वर ते जाळणारं विमान. हिटलर आवडो वा न आवडो, समोरचं विमान पाडलं तर खालची काही माणसं वाचतील, असं त्यातल्या अनेकांना वाटायचं. पण दुसरी बाजू अशी, की ही शहरं जळत होती त्याचं कारण हिटलरनं लादलेलं युद्धच होतं. पाडलेल्या प्रत्येक विमानामुळं ते युद्ध आणखी थोडं लांबत होतं. आणि ते जितकं लांबत होतं, तितकीच छळछावण्यांतली कत्तलही चालू राहत होती.

एकाच कामात शहर वाचवणं आणि हिटलर वाचवणं दोन्ही होतं. यातलं एक सोडून दुसरं निवडायची सोय नव्हती. सोय होती ती फक्त थांबण्याची, आणि थांबणं विटगेनस्टाइनच्या स्वभावात नव्हतं.

तिरकं संगीत

हॅम्बर्गनंतर जर्मनांनी पद्धत बदलली. चौकोनात अडकून बसण्यापेक्षा नाईट फायटरनं थेट ब्रिटिश विमानांच्या लोंढ्यात घुसायचं आणि त्यांच्यासोबत उडत एकामागून एक शिकार करायची. या पद्धतीचं नाव होतं त्साहमं झाऊ, म्हणजे पाळीव डुक्कर. रानडुक्कर नावाची अजून एक पद्धत होती, म्हणून हे पाळीव. पट्ट्यांना न फसणारं नवं रडारही विमानांवर बसलं.

सोबत एक भयंकर हत्यार आलं. विमानाच्या पाठीवर तिरक्या, वरच्या दिशेनं रोखलेल्या तोफा. जर्मन भाषेत याला श्रेगे मुझिक म्हणायचे, शब्दशः तिरकं संगीत. जॅझ संगीताला तिकडं गंमतीनं हेच नाव होतं.

ब्रिटिशांच्या लँकेस्टर बॉम्बरला शेपटीला बंदूक होती, पाठीवर होती, नाकावर होती. पोटाखाली बहुतेक विमानांना काहीच नव्हतं. जर्मन पायलट खालून अलगद यायचा, बॉम्बरच्या पोटाखाली त्याच वेगानं उडायचा आणि वरच्या दिशेनं पंखातल्या इंधनाच्या टाकीवर नेम धरायचा. बॉम्ब ठेवलेल्या पोटावर नाही, कारण ते फुटले तर दोघंही जाणार. चमकणाऱ्या गोळ्या वापरायच्या नाहीत, म्हणजे कुठून मारलं ते कुणाला कळणारही नाही.

लँकेस्टरमध्ये सात माणसं असायची. विशी-बाविशीतली पोरं, ब्रिटनची, कॅनडाची, ऑस्ट्रेलियाची, न्यूझीलंडची. त्यांच्यातल्या बहुतेकांना काही समजायच्या आत पंख पेटलेला असायचा.

विटगेनस्टाइनचा आकडा वाढत होता तो असा. जर्मन यादीत प्रत्येक विमान म्हणजे एक रेघ. दुसऱ्या बाजूला त्या एका रेघेत सात घरांत तार जाणार असायची.

१ जानेवारी १९४४ ला त्याला एका पूर्ण नाईट फायटर दलाचा प्रमुख केलं. खरं तर या पदावरच्या माणसानं जमिनीवर बसून फौज हलवायची असते. यानं काय केलं? त्याच रात्री विमान काढलं आणि सहा बॉम्बर पाडून परत आला.

शेवटच्या दोन रात्री

२० जानेवारीला ब्रिटिश पुन्हा बर्लिनवर आले. विटगेनस्टाइननं तीन लँकेस्टर पाडले. यातलं एक पेटल्यावर थेट त्याच्याच अंगावर आलं. जवळपास टक्करच झाली आणि त्याच्या विमानाचं मोठं नुकसान झालं. ते त्यानं कसंबसं जमिनीवर टेकवलं.

अशा रात्रीनंतर दुसरा कुणी असता तर दोन दिवस सुट्टी घेतली असती. हा दुसऱ्याच रात्री दुसरं युंकर्स ८८ घेऊन परत हवेत गेला.

२१ जानेवारीच्या रात्री काय झालं ते आपल्याला कळतं त्याच्या रडार ऑपरेटरमुळं. फ्रीडरिश ओस्टहाइमर हे त्याचं नाव. तो वाचला आणि त्यानं नंतर सगळं सांगितलं.

मागडेबुर्गकडं जाणाऱ्या लोंढ्यात ते घुसले तेव्हा रडारच्या पडद्यावर एकाच वेळी अनेक विमानं दिसत होती. विटगेनस्टाइननं एक पाडलं. मग दुसरं, तिसरं. त्या रात्रीचे चार ते पाच त्याच्या नावावर धरले जातात. शेवटच्या लँकेस्टरला गोळ्या लागल्या, आग दिसली, पण ती विझली. विटगेनस्टाइन पुन्हा हल्ल्याच्या तयारीत होता.

तेवढ्यात त्यांच्याच विमानात धडधड आवाज आणि ठिणग्या उडाल्या. डावा पंख पेटला. कॉकपिटचं वरचं झाकण उडून गेलं. विमानातल्या फोनवर विटगेनस्टाइनचा एकच आदेश ऐकू आला: बाहेर पडा. ओस्टहाइमरनं मास्क ओढून काढला आणि पुढच्याच क्षणी वाऱ्यानं त्याला बाहेर खेचलं. पॅराशूट उघडलं. तो खाली जमिनीवर पोचला, जिवंत.

विटगेनस्टाइन नाही पोचला. त्याचा मृतदेह श्टेंडाल शहराच्या परिसरात, ल्युबार्स गावाजवळ सापडला. पॅराशूट उघडलेलंच नव्हतं आणि डोक्याला जबर मार लागला होता. विमानातून बाहेर पडताना डोकं विमानाच्या शेपटीवर आपटून तो बेशुद्ध झाला असावा आणि म्हणून पॅराशूट उघडू शकला नसावा, असा अंदाज लावला जातो.

दोन दिवसांनी, २३ जानेवारीला, त्याला स्वोर्ड्स हा आणखी वरचा किताब जाहीर झाला. तो घ्यायला तो नव्हता.

पाडलं कुणी?

आता यावर दोन मतं आहेत. पहिलं मत असं, की ब्रिटिशांचं मॉस्किटो हे विमान. नाईट फायटरची शिकार करायला ब्रिटिशांनी आपल्या बॉम्बरच्या लोंढ्यात ही वेगवान विमानं पेरायला सुरुवात केली होती. दुसरं मत असं, की एखाद्या लँकेस्टरच्या शेपटीत बसलेल्या गनरनं अंधारात अचूक गोळ्या मारल्या. दोन्ही बाजूंनी पुरावे मांडले गेलेत, पण इतिहासकारांचं एकमत झालेलं नाही.

म्हणजे बघा, ज्या माणसानं आयुष्यभर आकडे मोजले, एकेक विमान आपल्या नावावर लागावं म्हणून सहकाऱ्यांना बाजूला सारलं, तो स्वतः कुणाच्या यादीतला आकडा झाला हे मात्र ठरलेलं नाही. ज्यानं गोळी मारली त्याला बहुतेक कळलंही नसेल, की समोर जर्मनीचा एक नंबरचा पायलट होता. अंधारातलं एक विमान, एवढंच.

आणि त्या एक नंबरचं काय झालं?

तो काही महिनेच टिकला. लेंट पुढं गेला आणि रात्रीच्या लढाईत १०० चा आकडा गाठणारा पहिला पायलट ठरला. ऑक्टोबर १९४४ मध्ये विमान उतरवताना झालेल्या अपघातात तोही गेला. मग हाइन्झ-वोल्फगांग श्नाउफर नावाच्या पोरानं १२१ विमानं पाडून सगळ्यांना मागं टाकलं. तो युद्धातून सुखरूप वाचला, आणि १९५० मध्ये फ्रान्समध्ये रस्ता अपघातात मेला. शेवटच्या यादीत विटगेनस्टाइन तिसरा.

इतकं करून जर्मनी काही वाचली नाही. आणखी सव्वा वर्षानं सगळं संपलं. साइनचा त्याच्या घराण्याचा वाडाही युद्धाच्या शेवटच्या दिवसांत उद्ध्वस्त झाला, आणि कैक दशकांनी तो परत उभा राहिला.

पलीकडच्या बाजूचा आकडा सांगायचा तर ब्रिटिशांच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे सव्वा लाख माणसं विमानात बसली. त्यातली ५५,५७३ मेली. जवळजवळ निम्मी. राष्ट्रकुल देशांच्या ज्या हवाई सैनिकांची कबर कधी सापडलीच नाही, अशा २० हजारांहून अधिक जणांची नावं इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत.

विटगेनस्टाइनला आधी हॉलंडमधल्या डीलेनच्या विमानतळाजवळ पुरलं होतं. १९४८ मध्ये त्याचे अवशेष आयसेलस्टाइनच्या जर्मन युद्ध स्मशानभूमीत हलवले. तिथं ३१ हजारांहून जास्त माणसं पुरलेली आहेत. त्याच्या शेजारची कबर आहे एगमोंट झूर लिपे-वायसेनफेल्डची. हाही नाईट फायटरचा पायलट, हाही प्रिन्स आणि हाही याच शर्यतीतला. ५१ विमानं पाडून मार्च १९४४ मध्ये तो एका साध्या प्रवासात डोंगराळ भागात विमान कोसळून गेला.

तिथं ओळीनं करड्या रंगाचे सारखेच क्रॉस उभे आहेत. प्रिन्स असो की साधा शिपाई, क्रॉस तोच. कुणी किती विमानं पाडली, कोण कितव्या नंबरला होता, यातलं त्यावर काहीच लिहिलेलं नाही.